पिवळ्याच्या रेघा

आमच्या वर्कशॉपात प्रत्येकाचा एक रंग होता. नट आवळून झाला की त्यावरून खालच्या लोखंडापर्यंत बारीक ब्रशाने एक रेघ ओढायची. रेघेचा उपयोग दुहेरी. नट जागचा हलला तर रेघ तुटते आणि ते लगेच दिसतं. आणि नट कुणी आवळला हेही कळतं. माझा रंग निळा. त्याचा पिवळा, म्हणून सगळे त्याला पिवळ्या म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं, याला कावीळ झाली असेल. प्रत्यक्षात चांगला काळासावळा, आडव्या हाडाचा गडी.

दुसऱ्याची रेघ असलेल्या नटाला पाना लावायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलाही जात नव्हता. पाना लावणं म्हणजे त्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणणं. एकदा एका टँकरचं चाक उतारावर निखळलं. माणूस दगावला नाही, टँकर चरात जाऊन बसला. चौकशीत नटांवर हिरवी रेघ निघाली. हिरव्याला कुणी कामावरून काढलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक नटाला कुणी ना कुणी पाना लावून बघू लागलं. दीड महिन्यात तो आपणहून सोडून गेला.

पिवळ्या एकोणिसाव्या वर्षी कामाला लागला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटला. रस्ते बांधायची यंत्रं, टँकर, डोंगरात जाणाऱ्या जीपा, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. एवढ्या काळात पिवळ्या रेघेची एक तक्रार नाही. सुपरवायझर बॅटरी घेऊन तपासायला यायचे, पिवळं दिसलं की बॅटरी बंद करायचे. "पिवळी आहे ना? चला पुढे." तो नाकावर माशी बसू द्यायचा नाही, पण कामात बोट ठेवायला जागाही ठेवायचा नाही.

निवृत्तीला लोकांनी त्याला घड्याळ दिलं. त्याने स्वतःला एक जीप दिली. वर्कशॉपने मोडीत काढलेली, चारही चाकांना जोर देणारी, आमच्याच हातांनी वीस वर्षं दुरुस्त झालेली. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, सवत आणायचीच होती तर निदान चालती तरी आणायची. ही ओढत आणावी लागली."

सहा वर्षं ती गाडी घरामागे पत्र्याखाली उभी होती. महिन्यातून एकदा तो इंजिन चालू करायचा, पंधरा मिनिटं ऐकत बसायचा आणि बंद करायचा.

मग त्याची मुलगी गुरांची डॉक्टर झाली आणि तिची पहिली नेमणूक डोंगरात लागली. दोन खोल्यांचा दवाखाना, भोवती बावीस वस्त्या, त्यातल्या चार वस्त्यांना रस्ता. बाकीच्यांना पायवाट, नाहीतर नदीचं पात्र. दवाखान्याची गाडी कागदावर मंजूर होती आणि कागदावरच धावत होती. तिच्या आधीचा डॉक्टर मोटरसायकलवरून जायचा. पाय मोडल्यावर त्याने बदली मागितली. हे सगळं ती जेवताना सांगत होती. पिवळ्याने ऐकलं, हात धुतले, मागे गेला आणि जीपवरची ताडपत्री काढली. तिच्या रुजू व्हायला साडेतीन महिने होते.

जुनी गाडी नुसती चालती करणं वेगळं आणि पोरीच्या हातात द्यायची म्हणून तयार करणं वेगळं. त्याने चाकांवरचे स्प्रिंगचे चारही पाटे उतरवले, पानं सुटी केली, तडे गेलेली बदलली आणि औषधांच्या पेट्यांचं वजन धरून मागे एकेक पान वाढवलं. पुढचे जुने ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले. स्टिअरिंग वळवायला गड्याचा खांदा लागायचा; अपघातात गेलेल्या एका गाडीचं पॉवर स्टिअरिंग मिळवलं, ते चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसेना म्हणून जाड पत्र्याची पट्टी कापून, भोकं पाडून जुळवलं. सीटचे पट्टे, दिवे, पुढे ओढायचा हूक, मागे लसींच्या बर्फपेटीला चौकट. यातलं काहीही विकत आणून जसंच्या तसं बसलं नाही. प्रत्येक वस्तू घासावी लागली, नाहीतर ठोकावी लागली.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो. दुपारी जायचो. एका माणसाने होत नाही तेवढ्याच कामाला तो मला हात लावू द्यायचा. गिअरबॉक्स उचलणं, एक्सल सरकवणं. बाकी वेळ मी डब्यावर बसून बघायचो आणि तो एकटाच राबायचा. लोकांना वाटतं, पाना फिरवण्यात श्रम आहेत. श्रम गाडीखाली जाण्यात आणि बाहेर येण्यात आहेत. तिशीत माणूस दहा सेकंदांत खाली जातो. साठीनंतर आधी गुडघा, मग कोपर, मग कूस, मग पाठ. खाली पोचल्यावर कळतं की सतरा नंबरचा पाना वर राहिला. दिवसात वीस वेळा हे केलं की संध्याकाळी चप्पल घालायलाही जिवावर येतं. मुलगी म्हणायची, "बाबा, मी देते ना पाने. मी खाली जाते." तो म्हणायचा, "तू तुझी गुरं बघ."

त्याचा उजवा हात थरथरतो हे मला दुसऱ्या महिन्यात दिसलं. वहिनी त्याला चहा अर्धा कप द्यायला लागल्या होत्या. मी बघितलं हे त्याने बघितलं.

"थंडी आहे," तो म्हणाला.

मी घाम पुसत होतो. "कडाक्याची आहे," मी म्हणालो. विषय तिथेच संपला. मी पुढे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मुलगी सोमवारी निघणार होती. त्याआधीच्या गुरुवारी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम होतं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली चाकापाशी बारीक नट सैल करून हवा सोडायची. एरवी खाली तोच गेला असता. पण त्या आठवड्यात त्याची कंबर धरली होती, म्हणून तो वर बसला आणि मी खाली गेलो. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चाकं काढलेली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय. तू काय झोपलास का खाली?"

"सोड."

तीन चाकं झाली. मी पाठीवर पडून दम घेत होतो. शेजारी दिवा होता. डोक्यावर पाट्यांचे यू-बोल्ट होते, म्हणजे पाट्यांचा जुडगा एक्सलला बांधून ठेवणारे. त्यांच्या नटांवरची पिवळी रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, लोखंडावरचा दुसरीकडे, मध्ये बोटभर अंतर. शेजारच्या नटाचंही तसंच. चारही तुटलेल्या.

नट हलले की रेघ तुटते. पण ही गाडी अंगणाबाहेर गेलीच नव्हती. उभ्या गाडीचे नट कसे हलतील? वर बसलेल्या माणसाला विचारणं सोपं होतं, पण ते माझ्या तोंडून निघेना.  मग हात लांब करून पाना घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या रेघेवर लावला.

नट घट्ट होता. तसूभर हलला नाही. बाकीचे तीनही घट्ट.

एकदा पाना लावल्यावर माझा मलाच धरबंध राहिला नाही. पुढे सरकलो. स्टिअरिंग बॉक्स चासीला चार बोल्टांनी धरलेला असतो. त्यांवरच्या रेघा सलग, सरळ, छापल्यासारख्या सुंदर. पहिल्या बोल्टाला पाना लावला तर तो वजनच न लागता फिरला. पाना काढून बोटांनी फिरवला, तरी फिरला. गाडी घोड्यांवर होती म्हणून स्टिअरिंगवर भार आला नव्हता, नाहीतर कुणालाही कळलं असतं. आणि सोमवारी तिला ते घाटात कळलं असतं.

"दाबू का?" वरून आवाज आला.

"थांब," मी म्हणालो आणि बाहेर आलो. त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

तो सीटवरून माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, "स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आवळलेत?"

"रेघ दिसत नाही तुला? का मोतीबिंदू झाला?"

"रेघ दिसते. बोल्ट बोटांनी फिरतो."

त्याने ब्रेकवरचा पाय उचलला. मग म्हणाला, "तू पाना लावलास."

"लावला."

"माझ्या रेघेला."

"हो. आधी यू-बोल्टांना लावला. त्यांच्या रेघा तुटल्यात म्हणून."

"तुटलेल्या म्हणजे आवळलेल्या," तो म्हणाला. नवीन कामगाराला सांगावं तसं. मला कळलं नाही हे बघून त्याने मान वळवली आणि पलीकडच्या भिंतीकडे बघत सांगितलं.

हात अडीच महिन्यांपासून थरथरत होता. डॉक्टरांनी गोळी दिली होती. ती घेतल्यावर सकाळी तासभर हात स्थिर असायचा, मग परत सुरू. पाना धरायला थरथर आड येत नाही. लांब दांडी असली की जोर अंगाचा लागतो. पण ब्रश धरला की रेघ नागमोडी जायची. नागमोडी पिवळी रेघ त्याला बघवेना. म्हणून दिवसभरात जे नट आवळायचे त्यांवर तो सकाळीच, हात चालतोय तोवर, रेघा ओढून घ्यायचा. आधी रेघ, मग पाना. नट आवळला की रेघ आपोआप तुटायची. तुटली म्हणजे झालं, अशी त्याने मनाशी खूण ठेवली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

"मग सलग रेघा आहेत त्या?" मी विचारलं.

"त्या आधीच्या. हात बरा होता तेव्हाच्या. आवळून मग ओढलेल्या."

"स्टिअरिंग बॉक्स आधीचा आहे?"

तो खाली उतरला. कंबर धरलेली असूनही गाडीखाली गेला. गुडघा, कोपर, कूस. मी हात दिला नाही, त्याने घेतला नसता. आतून बोल्ट फिरल्याचा बारीक आवाज आला.

"मंगळवारचा," तो खालून म्हणाला. "सकाळी रेघा ओढल्या. मग कंबरेत चमक निघाली. आत जाऊन पडलो. बुधवारी आलो, रेघ दिसली."

"सलग."

"सलग. म्हटलं, हे झालंय."

"बाकीच्या सलग रेघांतल्या आधीच्या कुठल्या आणि मंगळवारसारख्या कुठल्या?"

दिव्याचा उजेड खाली हळूहळू फिरत होता. पुढून मागे, मागून पुढे. बराच वेळ फिरला.

"माहीत नाही," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर चाकाच्या रिकाम्या खुंटाला टेकून बसला. तोंडाला घोड्याचा गंज लागला होता, पुसलाही नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "आज गुरुवार. आपण दोघं लागलो तर रविवारपर्यंत सगळे परत आवळून होतील. तिला कशाला सांगायचं?"

मी मनात मोजलं. सगळे मिळून दीडशेच्या वर नट. निम्म्यांपर्यंत पोचायला दुसरं काहीतरी आधी उतरवावं लागणार. त्याची कंबर, माझे गुडघे.

"होणार नाही," मी म्हणालो.

"रात्रपाळी करू."

"करू. आणि त्या थकव्यात एखादा राहिला तर? रेघ कुठल्या रंगाची मारायची त्याच्यावर?"

हे मी जरा जास्तच कडू बोललो.  तो हातांनी जमिनीला रेटा देऊन उठला आणि आत गेला. मी मागोमाग गेलो.

मुलगी पुढच्या खोलीत बॅग भरत होती. पलंगावर रबरी बूट, दोऱ्या, लांब हातमोजे. वहिनी पुस्तकं बांधत होत्या. तो दारात उभा राहिला.

"सोमवारी गाडी नेता येणार नाही," तो म्हणाला.

"का? ब्रेक राहिलेत?"

"बोल्ट सैल आहेत. स्टिअरिंगचे. बाकी किती ते माहीत नाही."

"सैल कसे? तुम्हीच आवळलेत ना?"

"रेघ ओढली. आवळले नाहीत. विसरलो." मग त्याने उजवा हात पुढे केला आणि धरून ठेवला. तो थरथरत होता. अडीच महिने लपवला होता, दाखवायला काही सेकंद लागले.

मुलीने हाताकडे बघितलं, मग आईकडे. वहिनी दोरीची गाठ मारत राहिल्या.

"आई, तुला माहीत होतं?"

"अर्धा कप काय मी चहा वाचवायला देत होते?" वहिनी म्हणाल्या.

मुलगी पलंगाच्या कडेला बसली. "तीन महिने म्हणतेय, मला खाली येऊ द्या. तर म्हणे गुरं बघ. बाबा, मी तुमच्या भरवशावर त्या घाटात गाडी घातली असती. डोळे मिटून."

"हो," तो म्हणाला.

"मग आता?"

"बसने जा."

"बस पहिल्या खिंडीपर्यंतच जाते."

"पुढे चालावं लागेल. तीन आठवडे."

ती चिडून काहीतरी बोलणार होती. पण त्याचा हात अजून पुढेच होता, खाली घ्यायचा राहून गेला होता. तिने उठून तो धरला आणि खाली केला. म्हणाली, "बसा आधी. तोंड पुसा."

सोमवारी ती बसने गेली. एक बॅग, बूट खांद्यावर.

मंगळवारी आम्ही थिनरची बाटली आणि चिंध्या घेतल्या आणि गाडीवरच्या सगळ्या पिवळ्या रेघा पुसल्या. एकशे शहाऐंशी होत्या.  मग एका टोकापासून सुरुवात केली. तो आवळायचा. त्यानंतर मी त्याच नटाला टॉर्कचा पाना लावायचो, म्हणजे ठरलेला जोर आला की कट्ट वाजणारा. कट्ट वाजलं की पुढे. पहिल्या नटाला पाना लावताना माझा हात अवघडला.

"लाव की," तो म्हणाला. "बघतोस काय?"

कट्ट वाजलं. मी विचारलं, "रेघ?"

"निळी मार."

"आवळलास तू."

"बघितलंस तू. ज्याने बघितलं त्याची रेघ."

हा आमच्या वर्कशॉपचा नियम नव्हता. पण वर्कशॉप आता नव्हतं. माझा निळा डबा कधीच वाळून दगड झाला होता, नवीन आणावा लागला.

एकोणीस दिवस लागले. दिवसाला दहा-बारा नट, जास्त नाही. मध्ये दोन दिवस माझा गुडघा सुजला, एक दिवस त्याला उठवेना. एकूण नऊ सैल निघाले. चार स्टिअरिंगचे, तीन मागच्या शाफ्टचे, दोन सीटच्या पट्ट्याचे. प्रत्येक सैल नटाला तो थांबायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मग आवळायचा. पट्ट्याच्या नटाला त्याने आकडा म्हटला आणि बराच वेळ पाना उचलला नाही. मी पाणी प्यायला गेलो.

गाडी मी चालवत नेली. तो शेजारी बसला, सगळा वेळ खालचे आवाज ऐकत. खिंडीपुढे रस्ता संपला. नदीच्या पात्रातून, गोट्यांवरून, दोन्ही एक्सलना जोर लावून हळूहळू वर चढलो. पाच तास. गाडीने काही कुरकुर केली नाही. आमची मात्र हाडं खिळखिळी झाली.

दवाखान्यासमोर मुलगी एका म्हशीच्या खुराला पट्टी बांधत होती. तीन आठवड्यांत काळवंडली होती आणि लंगडत होती; चालून टाचा फुटल्या होत्या. तिने हात धुतले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडून बघितलं, लावलं. मी किल्ली पुढे केली. तिने घेतली नाही.

"काका, टॉर्कचा पाना आणलाय?"

पाना सीटमागे होता. तो तिने काढला, किती जोर लावायचा ते मला विचारून घेतलं, अंगावरचा पांढरा कोट काढून म्हशीच्या मालकाकडे दिला आणि पुढच्या चाकामागून खाली शिरली. दोन सेकंदांत गेली.

आम्ही दोघं उभे. खालून पहिल्यांदा कट्ट वाजलं. मी पिवळ्याकडे बघितलं नाही. आजवर माझ्याशिवाय कुणी त्याच्यासमोर हे केलं नव्हतं. दुसऱ्यांदा कट्ट. तिसऱ्यांदा. म्हशीचा मालक कोट धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता.

चौथ्यांदा वाजल्यावर ती बाहेर येऊ लागली. पिवळ्या पुढे झाला, चाकापाशी जेमतेम वाकला.

"मागचेही बघ," तो म्हणाला. "शाफ्टचे तीन सैल निघाले होते."

तिने खालून डावा हात पसरला. त्याने खिशातली बॅटरी काढून तिच्या हातात दिली आणि चाकाला धरून, बसायला जागा शोधत, हळूहळू खाली टेकला.